धक्क्याने दुबळे होणारे हृदय

टाकोत्सुबो विकारात तीव्र मानसिक वा शारीरिक ताणानंतर हृदयाच्या डाव्या जवनिकेचे टोक एकाएकी आकुंचन पावेनासे होते आणि फुग्यासारखे फुगते. जपानी डॉक्टर हिकारू सातो व सहकाऱ्यांनी 1990 च्या सुमारास त्याचे वर्णन केले. 2004 च्या निगाता भूकंपानंतर तिथे असे रुग्ण वाढले होते.

जवळच्या माणसाचा मृत्यू, अपघात, मोठे आजारपण ही नेहमीची निमित्ते. काहींत निमित्त सापडतही नाही. अ‍ॅड्रेनालिनसारख्या संप्रेरकांचा लोंढा स्नायूला बधिर करतो, असे मानले जाते. नेमकी प्रक्रिया अजून पुरती उलगडलेली नाही. सुमारे 90 टक्के रुग्ण स्त्रिया, बहुतेक पाळी गेलेल्या.

निदानातली खरी अडचण अशी, की छातीतली कळ, दम, ईसीजीतले बदल, रक्तात वाढलेले ट्रोपोनिन हे हृदयस्नायूचे प्रथिन हे सारे हार्ट अटॅकसारखेच दिसते. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) फुगवटा दिसला, तरी हृदयाची रक्तवाहिनी तुंबलेली नाही हे अँजिओग्राफीच सांगते. बहुतेकांचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते. तरी सुरुवातीचे दिवस जिवावर बेतू शकतात.

म्हणून दुःखाच्या घरी कुणा बाईच्या छातीत दुखू लागले, तर ‘मनाला लावून घेतलंय’ म्हणून थांबू नये. लगेच रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करावा.