उसाची ट्रॉली, ओला रस्ता आणि मोटारसायकलचा ब्रेक

गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या सोनई भागातल्या रस्त्यांचे रूपच पालटते. राहुरीकडून सोनई, सोनईहून शिंगणापूर आणि पुढे घोडेगावला हमरस्ता लागेपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, टायरच्या बैलगाड्या, वाढ्यांचे भारे बांधलेल्या मोटारसायकली, घोडेगावच्या बाजाराला निघालेले कांद्याचे पिकअप आणि शनिवारी त्यात दर्शनाच्या मोटारींची भर. या गर्दीतच आपला शेतकरी सकाळी दुधाचे कॅन लावून निघतो आणि रात्री दार धरायला वावरात जातो.

शेतकरी बंधूंनो, कृषी खात्यातल्या माणसाने हुमणी, तांबेरा सोडून मोटारसायकलवर का लिहावे, असे कुणी म्हणेल. कारण माझ्याच अंगावर बेतले होते. मागल्या हंगामात मातीचे नमुने घेऊन संध्याकाळी परत येत होतो. मागे एक वयस्क शेतकरी बसलेले, आम्ही त्यांना आबा म्हणतो. समोरच्या गाडीचा अप्पर डोळ्यांवर आला, ती गाडी निघून गेली, आणि पुढे अंधारात उसाने भरलेली ट्रॉली उभी! मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. मी सगळा जोर लावून पायाचा ब्रेक दाबला. मागचे चाक जागेवर बसले आणि गाडी तशीच फरफटत गेली. कशीबशी साइडपट्टीवर उतरवली. बाहेर आलेल्या उसाचा शेंडा माझ्या हेल्मेटला खर्रकन घासून गेला आणि आबांचा दंड सोलटला. हात थरथरत होते. आबा खाली उतरले, धोतर झटकले आणि म्हणाले, "साहेब, हाताचा ब्रेक तुम्ही दाबलाच नाही."

खरेच होते ते. वीस वर्षे गाडी चालवतोय, पण पुढचा ब्रेक दाबायची सवयच नव्हती. लहानपणी गाडी शिकवणाऱ्याने एकच मंत्र दिला होता, "फुडचा ब्रेक दाबू नको, गाडी उताणी व्हती." आपल्यापैकी दहातल्या आठ जणांनी तरी असेच शिकलेले असणार. गावातल्या गाड्या बघा. पायाच्या ब्रेकचा पॅडल झिजून गुळगुळीत झालेला असतो आणि हाताच्या ब्रेकची केबल इतकी ढिली की दांडा मुठीला टेकतो.

आता बैलगाडी आठवा. भरली गाडी उताराला लागली की ओझे पुढे सरकते आणि बैलांच्या मानेवर येते. मोटारसायकलचे तसेच आहे. ब्रेक लागला की गाडीचे आणि बसणाऱ्याचे वजन पुढच्या चाकावर येते. ते चाक रस्त्याला घट्ट दाबले जाते, म्हणून त्याचा ब्रेक जास्त ताकद घेतो. मागचे चाक त्याच वेळी हलके होते. हलक्या चाकाला ब्रेक जास्त लागला तर ते फिरायचे थांबते आणि घसरते. म्हणजे आपण ज्या ब्रेकवर भरवसा ठेवतो तो ऐन वेळी निम्मेही काम करत नाही.

हिशेब आपल्या मापात मांडतो. एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, हे सर्वांना ठाऊक आहे. कोरडे डांबर, चांगले टायर, दोन्ही ब्रेक नीट दाबले आणि धोका दिसल्यापासून ब्रेकला हात जाईपर्यंत फक्त एक सेकंद गेला असे धरू. ताशी 40 किलोमीटरला गाडी थांबायला साधारण 70 फूट लागतात, म्हणजे ओळीने दोन गुंठ्यांपेक्षा थोडे जास्त. ताशी 60 ला 130 फूट, जवळपास चार गुंठे. ताशी 80 ला 208 फूट! चौकोनी एकराच्या एका बांधाची लांबी एवढीच असते. वेग दुप्पट झाला, पण अंतर जवळजवळ तिप्पट झाले. नुसत्या ब्रेकचे अंतर धरले तर ते चौपट होते, बाकीचे अंतर त्या एका सेकंदात जाते. ताशी 60 ला त्या एका सेकंदात गाडी 55 फूट पुढे गेलेली असते, तोवर ब्रेकला बोटही लागलेले नसते. आणि फक्त मागच्या ब्रेकवर ताशी 60 ची गाडी थांबवायची म्हटली, तर तिलाही एकराचा बांध पुरा पडतो. रात्री डिपरवर समोरची काळी ट्रॉली एवढ्या लांबून कुणाला दिसते?

हे सगळे कोरड्या रस्त्याचे झाले. आपल्याकडे पाटाचे आवर्तन सुटले की चारीचे पाणी कुठेतरी रस्त्यावर येतेच. ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती डांबरावर आणून टाकलेली असते. ही माती वाळली तर धूळ, ओली झाली तर साबण. त्यावर उसाचे पाचट पडले असेल तर चाकाला धरायला काहीच उरत नाही. अशा जागी ब्रेक मारून गाडी वाचत नाही. वेग आधीच कमी करावा, चिखलावरून सरळ आणि एकसारखे जावे, आणि चिखल संपल्यावर ब्रेकला हात घालावा. पाण्यातून गाडी गेली की ड्रम ब्रेकच्या लायनरला पाणी लागते. थोडे अंतर ब्रेक हलका दाबून चालवले की तो सुकतो.

त्या प्रसंगानंतर आम्ही काही जणांनी प्रात्यक्षिक घ्यायचे ठरवले. प्लॉटवर करतो तसेच. रहदारी नसलेला डांबरी पट्टा निवडला, दोन्ही टोकांना माणसे उभी केली, चुन्याच्या फक्कीने आडवी रेघ मारली आणि टेप घेतला. रेघेवर चाक आले की ब्रेक. आधी फक्त पायाचा, मग दोन्ही. दोन्ही ब्रेक दाबणाऱ्याची गाडी जिथे थांबली, त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतर फक्त पायाच्या ब्रेकला लागले. बघणाऱ्यांत दूध घालणारे एक काका होते. ते म्हणाले, "ह्ये आधीच कुणी दावलं असतं तर माझा पाय मोडला नसता." त्यावर कुणी काही बोलले नाही.

पुढचा ब्रेक दाबायचा म्हणजे हिसका मारायचा नाही. "गाडी उताणी होते" हे म्हणणे हिसक्यातूनच आले आहे. गाईची धार काढताना मूठ जशी आवळत नेतो, तसा दांडा आवळत न्यायचा. आधी हलका, वजन पुढे आले की जोरात. सगळे मिळून एका सेकंदाच्या आतले काम आहे, पण त्यात क्रम आहे. त्याच वेळी पायाचा ब्रेक बेताने, ॲक्सिलेटर पूर्ण बंद, हँडल सरळ, गुडघे टाकीला आवळलेले, नजर लांब. नजर ट्रॉलीवर खिळली की गाडीही तिकडेच जाते. क्लच गाडी थांबता थांबता दाबायचा, सुरुवातीला नाही. मागचे चाक घसरले तर हँडल सरळ ठेवून पाय थोडा सैल करावा. पुढचे चाक बसल्यासारखे वाटले तर दांडा लगेच सोडून पुन्हा आवळावा. आणि वळणावर जोराचा ब्रेक नको. आधी गाडी उभी करावी, मग ब्रेक.

सराव ताशी 20 पासून करावा. हात बसला की 30, मग 40, त्याच्या वर जायची गरज नाही. डोक्यात हेल्मेट, पायात बूट, रस्ता कोरडा, मागून येणारे कुणी नाही, आणि पहिल्या दिवशी मागे कुणी बसलेले नको. पहिल्या दहा वेळा भीती वाटते, मग हात आपोआप जातो. हे एकदा करून भागत नाही, कारण ऐन वेळी माणूस विचार करत नाही, सवयीनेच वागतो. मी अजून महिन्यातून एकदा करतो. बायको हसते, हसू दे.

दूधवाल्यांसाठी वेगळे सांगतो. दोन्ही बाजूंना कॅन किंवा मागे सरकी पेंडीचे पोते असले की वजन मागच्या चाकावर जास्त असते, तेव्हा मागचा ब्रेक नेहमीपेक्षा बरा धरतो आणि दोन्ही ब्रेक लागतातच. पण एकूण वजन वाढल्याने त्याच ब्रेकवर जास्त काम पडते. अर्धवट भरलेल्या कॅनमधले दूध हिंदकळते आणि थांबताना गाडीला पुढे ढकलते. कॅन पूर्ण भरलेले किंवा पूर्ण रिकामे बरे. कॅन दोरीने सैल लटकवू नयेत. उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडणारे आहेत, त्यांनी इंजिनचा फुकटचा ब्रेक घालवला हे ध्यानात घ्यावे.

नव्या गाड्यांचे थोडे वेगळे आहे. 1 एप्रिल 2019 पासून विकल्या जाणाऱ्या 125 सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस सक्तीचे झाले. सीबीएसमध्ये एक ब्रेक दाबला की दुसऱ्या चाकालाही थोडा लागतो, पण थोडाच, म्हणून हाताचा ब्रेक दाबायचाच. एबीएस असेल तर त्या चाकाचा ब्रेक जोरात दाबून धरावा, दांडा थरथरला तरी सोडू नये. पुष्कळ गाड्यांना एबीएस फक्त पुढच्या चाकालाच असते, हे घेताना विचारून घ्यावे. आपल्या गावातल्या बहुतेक गाड्या मात्र यातले काहीही नसलेल्या, जुन्या आहेत. त्यांची ताण गेलेली केबल, झिजलेला लायनर आणि गुळगुळीत टायर बदलायला एका औषध फवारणीइतकाही खर्च कित्येकदा येत नाही.

सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटलांना विनंती आहे. 2022 साली देशात रस्ता अपघातांत 1,68,491 माणसे गेली, त्यांतली शंभरात चव्वेचाळीसहून जास्त दुचाकीवरची होती. हंगामाच्या तोंडावर ग्रामसभेत हा विषय घ्यावा. ट्रॉली आणि बैलगाडीच्या मागे रिफ्लेक्टर किंवा निदान लाल पट्टी लावून घ्यावी, बंद पडलेल्या ट्रॉलीमागे लांबवर खूण ठेवायला सांगावे, वळणावरच्या वेड्या बाभळी तोडाव्यात, गतिरोधकावर पांढरे पट्टे मारावेत. ज्याच्या वावरातून ट्रॅक्टर निघतो त्याने फावड्याने चिखल ओढला तरी पुष्कळ झाले. सरावाला रविवारी सकाळी एखादा पट्टा तासभर मोकळा ठेवता आला तर फक्की आणि टेप घेऊन मी येईन. येताना गाडीचा हाताचा ब्रेक तेवढा आवळून आणा.