खो कुठे अडला?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबली आणि शाळांतील जुने संगणक भंगारात काढायचे की काय, असा प्रश्न उभा राहिला. अशा अनेक संगणकांवर लिनक्स चालते. मूळ डिस्कला हात न लावता ते पेनड्राइव्हवरून सुरू करून पाहता येते. नाशिकमधील एका शाळेत आम्ही हा प्रयोग केला. एकाच पेनड्राइव्हने चार संगणक सुरळीत सुरू झाले. दोन जुने मात्र काळ्या पडद्यावर पांढरी रेघ लुकलुकवत बसले. “सर, हे गेले!” असे एका विद्यार्थ्याने जाहीरही केले.

ते गेले नव्हते. संगणक सुरू होणे हा खो-खोचा खेळ आहे. वीज मिळताच मदरबोर्डवरील चिपमधला कार्यक्रम, म्हणजे फर्मवेअर, जागा होतो आणि बूटलोडरला खो देतो. बूटलोडर लिनक्सचा गाभा, कर्नेल, मेमरीत आणून त्याला खो देतो. कर्नेल उरलेली प्रणाली उभी करतो. खो मिळाल्याशिवाय बसलेला गडी उठत नाही. म्हणून पडद्यावर शेवटचे काय दिसले, याला महत्त्व आहे.

पहिला खो सर्वांत जास्त अडतो. पुष्कळदा उतरवून घेतलेली आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केलेली असते. ती रूफससारख्या साधनाने ‘लिहावी’ लागते (यात पेनड्राइव्हवरचे सारे पुसले जाते!). कारण जुने फर्मवेअर, बायोस, फाइल शोधतच नाही. ते पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर वाचते, त्याच्या शेवटी ५५ आणि एए या दोन बाइटांची खूण आहे का पाहते आणि त्यातील सूचना चालवू लागते. नवे यूईएफआय मात्र फॅट पद्धतीच्या विभागात ठरावीक नावाची फाइल शोधते. आमचा पेनड्राइव्ह केवळ यूईएफआयसाठी लिहिलेला होता. ते दोन संगणक बायोसचे. दोन्हींची सोय ठेवून तो पुन्हा लिहिला, तेव्हा दोघांवरही लिनक्सची यादी उमटली.

नव्या संगणकावर सही अमान्य असल्याचा संदेश आला, तर अडथळा सिक्युअर बूटचा असतो. ते बंद करता येते. पण डिस्कवर बिटलॉकर असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवावी.

यादी दिसली म्हणजे बूटलोडर उठला. आमच्या एका संगणकाचा पडदा त्यानंतर काळा झाला. तेथे संशय चित्रपटलाच्या चालकावर, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरवर, घ्यावा. यादीत ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ (रोमन लिपीत, सलग) लिहिले आणि एफ-१० दाबले. पडदा उजळला. हा बदल तेवढ्या वेळेपुरताच असतो.

दुसऱ्यावर कर्नेलच्या ओळी सरसर धावल्या आणि मग प्रणालीच्या फाइली सापडत नसल्याची तक्रार आली. फाइलीची चेकसम संकेतस्थळावरील आकड्याशी ताडून पाहिली, जुळली. पेनड्राइव्ह तोच, फाइल तीच. बदलण्याजोगे उरले ते फक्त सॉकेट. पुढचे सैल होते. पेनड्राइव्ह मागे, थेट मदरबोर्डवरच्या सॉकेटात लावला आणि ‘गेलेल्या’ संगणकावर त्याच विद्यार्थ्याने आपले नाव मराठीत टंकले.