सायनसमधली हाडाची गाठ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुनाट डोकेदुखीसाठी सीटी स्कॅन करावा आणि रिपोर्टमध्ये ‘फ्रंटल सायनस ऑस्टिओमा’ निघावा, हे तसं नवं नाही. काशीत नागपूरकर भोसल्यांनी बांधलेल्या भोसले घाटाजवळचा मराठी माणूस तो रिपोर्ट घेऊन बनारस हिंदू विद्यापीठाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात जाईल, नागपूरचा तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे ‘मेडिकल’मध्ये. धास्ती मात्र दोघांची एकच.

गैरसमज : गाठ म्हणजे कॅन्सर.
वस्तुस्थिती : ऑस्टिओमा ही सायनसमध्ये सर्वाधिक आढळणारी साधी गाठ आहे. ती पसरत नाही, कॅन्सरमध्ये बदलत नाही. वाढते तीही फार सावकाश, बहुधा वर्षाला एक-दोन मिलिमीटर.

गैरसमज : एमआरआय महाग, म्हणजे तोच अचूक.
वस्तुस्थिती : इथे सीटीच सरस. घट्ट हाड एमआरआयवर काळं दिसतं आणि सायनसमधली हवाही काळीच; त्यामुळे गाठ नजरेतून निसटू शकते. सीटीवर ती पांढरीशुभ्र, रेखीव कडांची दिसते. गाठ डोळ्याकडे किंवा मेंदूकडे सरकल्याची शंका असेल, तर जोडीला एमआरआय करतात.

गैरसमज : तुकडा तपासल्याशिवाय निदान पक्कं होत नाही.
वस्तुस्थिती : सीटीवरचं चित्र स्पष्ट असेल तर बायोप्सी लागत नाही. हाडाचे इतर मिळतेजुळते विकारही सीटीवर वेगळे ओळखता येतात. फायब्रस डिस्प्लेशियात हाडच फुगतं, घासलेल्या काचेसारखं धुरकट दिसतं आणि त्याच्या कडा शेजारच्या हाडात मिसळून जातात. ऑसिफायिंग फायब्रोमाच्या कडा ठळक, पण आतला भाग मिश्र असतो. चित्र संदिग्ध असेल किंवा आजूबाजूचं हाड पोखरलेलं दिसलं, तरच तुकडा काढण्याचा विचार होतो.

गैरसमज : गाठ काढली की डोकेदुखी जाणारच.
वस्तुस्थिती : बहुतेक ऑस्टिओमा त्रास देत नाहीत, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सीटीत ते सापडतात. डोकं मायग्रेननेही दुखत असेल. ते न तपासता ऑपरेशन केलं, तर गाठ जाईल आणि दुखणं राहील.

गैरसमज : लहान गाठ निरुपद्रवी, मोठी धोक्याची.
वस्तुस्थिती : आकाराइतकीच जागाही महत्त्वाची. सायनसचा निचरा होतो त्या वाटेवरची छोटी गाठही तो तुंबवते. मोकळ्या जागेतली मोठी गाठ वर्षानुवर्षं गप्प राहू शकते. त्रास नसेल तर ठरावीक काळाने पुन्हा सीटी करून तुलना करतात, म्हणून जुनी सीडी जपून ठेवावी. डोळा पुढे आला, एकाचे दोन दिसू लागले किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव सुरू झाला, तर मात्र थांबू नये.

कवटीत किंवा जबड्यात असे अनेक ऑस्टिओमा असतील, तर गार्डनर सिंड्रोम या आनुवंशिक आजाराची शंका घेऊन मोठ्या आतड्याचीही तपासणी करावी. या आजारात कॅन्सरचा धोका असतो तो आतड्यातल्या पॉलिपांना.