ट्रॅक्टरच्या ट्रॉलीस ब्रेक कोणता घ्यावा?

गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या एकाच ट्रॅक्टरमागे जोडण्याची वहिवाट महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात आढळते. उतारावर हे सारे ओझे ट्रॅक्टरला मागून रेटते. ट्रॉलीस ब्रेक नसेल, तर जोडणीपाशी दुमड पडून ट्रॅक्टर आडवा फिरतो, प्रसंगी उलटतो. वेग दुप्पट झाल्यास ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतर सुमारे चौपट होते, हे ग्रामसेवकांनी चालकांस आवर्जून सांगावे.

धक्क्यावर चालणारा ब्रेक स्वस्त पडतो. ट्रॅक्टर मंदावला की ट्रॉली पुढे रेटली जाऊन दांडा आत दाबला जातो व ब्रेक लागतो. मात्र चालकास तो स्वतंत्रपणे लावता येत नाही, आणि ट्रॉली मागे घेताना तो अकारण लागू नये अशी सोय करावी लागते. एका हलक्या ट्रॉलीस तो चालेल. दोन ट्रॉल्यांस हवेच्या दाबावरील ब्रेकच बरा. त्यास कॉम्प्रेसर व हवेची टाकी लागते, खर्च वाढतो. परंतु ही काटकसरीची जागा नव्हे. हवेची मुख्य नळी तुटताच ट्रॉलीचा ब्रेक आपोआप लागेल, अशीच रचना मागून घ्यावी.

रस्त्यावर येण्यापूर्वी ट्रॅक्टरच्या ब्रेकची दोन्ही पेडल कडीने जोडावीत. शेतात वळण्यासाठी सोडलेली कडी पुष्कळदा तशीच राहते आणि एकाच चाकास ब्रेक लागतो. उतारास लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा. डिझेल वाचविण्यासाठी गिअर काढू नये. नव्या ब्रेकची पहिली चाचणी रिकाम्या ट्रॉलीने, सपाट मोकळ्या जागेत घ्यावी.