चिमुकल्या संगणकाचे बिऱ्हाड

मुलांनो, डोंबिवलीच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना आपले डोळे पुनःपुन्हा वर टांगलेल्या पाटीकडे वळतात. गाडी ठाण्यापर्यंतच आहे की पुढे जाणार, जलद की धीमी, १२ डब्यांची की १५, हे सारे ती क्षणात मराठीत, तर क्षणात हिंदी-इंग्रजीत सांगते. अशा यंत्रांच्या पोटात चिमुकले संगणक दडलेले असतात. तुमच्या घरच्या कपडे धुण्याच्या यंत्रातही असाच एखादा सापडेल.

कोणते काम आधी आणि कोणते मागाहून करावयाचे, हे ठरविणाऱ्या आज्ञावलीस ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आपण तिला कारभारी म्हणू. या कारभाऱ्यास बिऱ्हाड थाटावयास निदान काय काय लागते?

मी डोंबिवलीत एका खोलीत संसार केला आहे. तेव्हा थोडक्या जागेचे गणित मला चांगलेच ठाऊक आहे. राबणारा हात म्हणजे प्रोसेसर. तो तर हवाच. कपाटाच्या जागी कायमची स्मृती. वीज गेली तरी तीत ठेवलेल्या आज्ञा पुसल्या जात नाहीत. ओट्याच्या जागी कामापुरती स्मृती. हाती घेतलेल्या प्रत्येक कामाचे सामान तिच्यावर मांडावे लागते. पण खरी गरज आहे ती घड्याळाची. ठराविक ठोका पडला की कारभारी हातचे काम थांबवून अधिक निकडीचे काम आले आहे काय, हे पाहतो. ठोकाच नसेल, तर एखादे लांबलेले काम संपेपर्यंत बाकीची खोळंबून राहतात.

फ्रीआरटीओएस नावाचा कारभारी कपाटातील सुमारे ६ ते १२ किलोबाइट जागेत मावतो. मुले ज्यावर प्रयोग करतात, त्या आर्डुइनो उनोचे कपाट ३२ किलोबाइटचे असते. ओटा मात्र अवघा २ किलोबाइटचा, म्हणजे २,०४८ इंग्रजी अक्षरांपुरता! आपल्या देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तर रूढ पद्धतीत तिप्पट जागा लागते. उलट, लिनक्स हा थोरला कारभारी काही मेगाबाइटचा ओटा मिळाल्याशिवाय घरात पाऊलही ठेवीत नाही. रंगीत चित्रे दाखवावयाची असतील, तर त्याला बोलवावे. कपडे धुण्याच्या यंत्राला तो कशास हवा?

इतक्या तुटपुंज्या जागेत महत्त्वाचे काम कसे निभेल, अशी शंका तुम्हांस येईल. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चे यान चंद्रावर उतरत होते. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटली होती. त्या यानातील संगणकाचा ओटा सुमारे ४ किलोबाइटचा होता. उतरता उतरता एका रडारमुळे त्याच्यावर नको असलेल्या कामाचा भार पडला, ओट्यावर नवे काम मांडण्यास जागा उरेना आणि ‘१२०२’ हा धोक्याचा आकडा झळकू लागला. कारभाऱ्याने ओटा झाडून मोकळा केला. यान सांभाळण्याची कामे त्याने तत्काळ पुन्हा हाती घेतली, बिननिकडीची सोडून दिली. असे एकदा नव्हे, अनेकदा घडले. थोड्याच वेळात यान चंद्राच्या धुळीवर टेकले.