गोडबोले, रोहिणी

गोडबोले, रोहिणी : (१२ नोव्हेंबर १९५२ – २५ ऑक्टोबर २०२४). भारतीय सैद्धांतिक भौतिकीविज्ञ. मूलकण भौतिकीतील संशोधनाबद्दल, तसेच भारतातील स्त्री-वैज्ञानिकांच्या प्रश्नाला अभ्यासाचे व धोरणाचे रूप देण्याच्या कार्याबद्दल प्रसिद्ध.

त्यांचा जन्म पुणे येथे झाला. शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. मुलींच्या उच्च शिक्षणासाठी १८८४ मध्ये स्थापन झालेली ही शाळा पश्चिम भारतातील अग्रगण्य शाळांत मोडत असली, तरी गोडबोले तेथे शिकत असताना सातवीपर्यंतच्या मुलींना विज्ञानाऐवजी गृहविज्ञान शिकविले जात असे. शासकीय शिष्यवृत्तीच्या परीक्षेत मात्र विज्ञानाचा समावेश होता. त्यामुळे तो विषय त्यांना वेगळा वेळ काढून शिकावा लागला. पुढे त्यांना राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध शिष्यवृत्तीही मिळाली. मूलभूत विज्ञानाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या योजनेमुळे, वैद्यक व अभियांत्रिकी यांपलीकडेही हुशार विद्यार्थ्याला वाट आहे, हे त्या पिढीतील अनेकांना प्रथमच कळले. सर परशुरामभाऊ महाविद्यालयातून बी. एस्‌सी. झाल्यावर मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून त्यांनी १९७४ मध्ये एम. एस्‌सी. पदवी घेतली. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या स्टोनी ब्रुक येथील शाखेतून १९७९ मध्ये त्यांनी पीएच्. डी. मिळविली.

त्याच वर्षी त्या भारतात परतल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (१९७९–८२) काम केल्यावर त्यांनी मुंबई विद्यापीठात १९८२ ते १९९५ या काळात अध्यापन केले. हा काळ चरित्रपर टिपणांत एका ओळीत आटोपला जातो, तो तितका गौण नाही. विद्यापीठातील अध्यापकाला तासिका, परीक्षा आणि उत्तरपत्रिका यांतून उरलेल्या वेळात संशोधन करावे लागते. ज्या कामामुळे त्यांचे नाव जगभर झाले, ते त्यांनी याच काळात केले. १९९५ मध्ये त्या बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाल्या व १९९८ मध्ये प्राध्यापक झाल्या. याच संस्थेत १९३३ मध्ये कमला भागवत (नंतरच्या कमला सोहोनी) यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारण्यात आला होता आणि त्यांनी आग्रह धरल्यावर तो अटींवर देण्यात आला होता. मधल्या साठ वर्षांत दार उघडले होते. आत प्राध्यापकपदापर्यंत पोहोचलेल्या स्त्रिया मात्र अद्याप थोड्याच होत्या.

गोडबोले यांचे सर्वांत ज्ञात कार्य जर्मन भौतिकीविज्ञ मान्युएल ड्रेस यांच्यासमवेत झालेले आहे. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांची टक्कर घडविणारे वर्तुळाकार कणवेगवर्धक फार मोठ्या ऊर्जेस निरुपयोगी ठरतात. कारण वळताना हे हलके कण आपली ऊर्जा प्रारणाच्या रूपाने गमावतात. म्हणून सरळ रेषेतील वेगवर्धकाची कल्पना पुढे आली. परंतु अशा यंत्रात कणांचे पुंजके एकमेकांसमोरून एकदाच जातात. पुरेशा टकरा घडाव्यात, तर हे पुंजके अत्यंत दाट व बारीक करावे लागतात. तसे केले की एका पुंजक्याच्या प्रबल विद्युत् चुंबकीय क्षेत्रामुळे समोरच्या पुंजक्यातील कण वळतात व फोटॉन बाहेर पडतात. म्हणजे जी अडचण टाळण्यासाठी सरळ रेषा पत्करली, ती दुसऱ्या वाटेने परत येते. उच्च ऊर्जेचा फोटॉन क्षणमात्र क्वार्क व प्रतिक्वार्क यांच्या जोडीच्या रूपात असू शकतो. त्यामुळे असे दोन फोटॉन एकमेकांवर आदळले असता हॅड्रॉन कणांचे झोत निर्माण होतात. या झोतांची संख्या उपेक्षणीय नसून शोधावयाच्या विरळ घटना त्यांच्या गर्दीत झाकल्या जाऊ शकतील, असे ड्रेस व गोडबोले यांनी १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दाखवून दिले. कागदावरील गणिताने यंत्र बांधणाऱ्यांना वेळीच सावध केल्याचे हे चांगले उदाहरण होय. अशा वेगवर्धकांच्या आराखड्यात व शोधकांच्या रचनेत हा घटक तेव्हापासून विचारात घेतला जातो.

याखेरीज हिग्ज बोसॉनाचे गुणधर्म, टॉप क्वार्कचे ध्रुवण आणि अतिसममिती हे त्यांच्या संशोधनाचे विषय होते. ड्रेस व प्रबीर रॉय यांच्यासह त्यांनी लिहिलेला अतिसममित कणांवरील ग्रंथ (२००४) अभ्यासकांत मान्यता पावला आहे.

भारतीय विज्ञान अकादमीच्या स्त्री-वैज्ञानिकविषयक मंडळाच्या त्या अध्यक्षा होत्या. अकादमीने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला लीलावतीज डॉटर्स हा ग्रंथ त्यांनी राम रामस्वामी यांच्यासमवेत संपादित केला. भास्कराचार्यांच्या गणितग्रंथाच्या नावावरून ज्याचे शीर्षक घेतले आहे, त्या या ग्रंथात आनंदीबाई जोशी यांच्यापासून समकालीनांपर्यंत सुमारे शंभर स्त्रियांची चरित्रे व आत्मकथने आली आहेत. लेखांचे मोल त्यांच्या साधेपणात आहे : प्रयोगशाळा कशी मिळाली, मूल लहान असताना कोणी सांभाळले, पतीची बदली झाल्यावर काय केले, अशा गोष्टी वैज्ञानिकांच्या चरित्रांत सहसा येत नाहीत.

ग्रंथापेक्षाही महत्त्वाची ठरावी अशी एक पाहणी २०१० मध्ये पुढे आली. अकादमी व बंगलोरची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था यांनी केलेल्या या पाहणीत गोडबोले सहभागी होत्या. डॉक्टरेट मिळवूनही संशोधनात नसलेल्या स्त्रिया घरसंसारामुळे बाहेर पडतात, ही समजूत सार्वत्रिक आहे आणि नेमणुका करणाऱ्यांना ती सोयीचीही आहे. पाहणीत मात्र योग्य पद न मिळणे, हे कारण ठळकपणे पुढे आले. संशोधनात टिकलेल्या स्त्रियांत अविवाहितांचे प्रमाण पुरुषांहून बरेच अधिक आढळले. दोष स्त्रियांच्या निष्ठेत नसून निवड, वयोमर्यादा, पाळणाघर, पतिपत्नींना एकाच ठिकाणी काम मिळण्याची सोय अशा संस्थात्मक बाबींत शोधावा लागतो, या भूमिकेला त्यामुळे आधार मिळाला. शालेय व महाविद्यालयीन मुलींशी बोलण्यासाठी त्या गावोगावी जात व पुण्यात मराठीतूनही व्याख्याने देत.

देशातील तिन्ही प्रमुख विज्ञान अकादमींच्या त्या सदस्या होत्या. भारत सरकारने त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री दिली व फ्रान्सनेही त्यांना राष्ट्रीय सन्मान दिला. निवृत्तीनंतरही त्यांचे संशोधन बंगलोरच्या संस्थेत मानद पदावर चालू होते. पुणे येथे त्यांचे निधन झाले.