ग्राफ म्हणतो, काही झालंच नाही!

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. आता हाच पाऊस वर्षाच्या ३६५ दिवसांवर सारखा पसरून टाका. दिवसाला तीन मिलिमीटरसुद्धा होत नाही. छत्रीही कुणी काढणार नाही, राव!

सरासरीची ही करामत आहे आणि आम्हा सर्व्हरवाल्यांची मॉनिटरिंग सिस्टिम ती रोज करते.

तिचा तरी काय दोष? दर १० सेकंदांनी एक नोंद म्हटलं तर दिवसाला ८,६४० नोंदी होतात. वर्षाला साडेएकतीस लाख, तेही एका सर्व्हरच्या एकाच मापाच्या. शिवाय मेमरी, डिस्क, नेटवर्क आहेतच. म्हणून जुना डेटा आटवायचा. टोबियास ओटिकर यांच्या १९९९ च्या ‘आरआरडीटूल’ने यावर झकास तोड काढली. फाइलचा आकार पहिल्या दिवशीच ठरवायचा. ती कधी फुगत नाही, नवी नोंद सर्वांत जुन्या नोंदीच्या जागी बसते. लांबचा काळ तासातासाच्या सरासरीत साठवता येतो.

गोची इथेच आहे. समजा, रात्री एक मिनिट सीपीयू १०० टक्क्यांवर अडकला. उरलेली ५९ मिनिटं २० टक्क्यांवर. तासाची सरासरी? फक्त २१ टक्के!

महिन्याभराने कस्टमरची तक्रार येते, ‘त्या रात्री पेमेंट अडकलं होतं.’ मीटिंगमध्ये ग्राफ उघडतो. ‘सर्व्हर तर निवांत दिसतोय!’ मग सगळ्यांच्या नजरा नाइट शिफ्टच्या पोराकडे. तो बिचारा खरंच सांगत असतो, पण त्याचा पुरावा सिस्टिमनेच पुसून टाकलेला असतो. अशा मीटिंगा मी पाहिल्यात आणि त्यानंतरचे अप्रेझलही.

उपाय साधा आहे. सरासरीसोबत कमाल आकडाही ठेवा. ‘झॅबिक्स’च्या ट्रेंड्समध्ये दर तासाचे किमान, सरासरी आणि कमाल असे तिन्ही आकडे राहतात. ‘आरआरडीटूल’मध्ये मात्र कमाल हवी असेल तर आधीच सांगावं लागतं.

दुसरं, तयार सेटिंगवर विसंबू नका. ‘प्रोमिथियस’ काही न सांगता १५ दिवसांचाच डेटा ठेवतो. अ‍ॅमेझॉनच्या ‘क्लाउडवॉच’मध्ये मिनिटाचा तपशील १५ दिवस, पाच मिनिटांचा ६३ दिवस आणि तासाचा ४५५ दिवस मिळतो.

मग किती ठेवायचं? डिस्क किती आहे हे नंतर बघा. आधी विचारा, तक्रार किती उशिरा येते? बिलिंगची भांडणं महिन्याने येत असतील, तर मिनिटाचा तपशील ४५ दिवस हवाच. म्हणजे १० सेकंदांचा दोन दिवस, मिनिटाचा ४५ दिवस, तासाचा दोन वर्षं. एकूण नोंदी ९९,६००. मिनिटाची आणि तासाची कमाल जोडली तरी दोन लाखांच्या आत. दोन वर्षं दर १० सेकंदांचं सगळंच साठवलं असतं, तर ६३ लाख!

आणि हो, हे आजच करा. ‘ग्राफाइट’मध्ये साठवणीचा नियम बदलला तरी तो नव्या फाइल्सनाच लागू होतो, जुन्या वेगळ्या बदलाव्या लागतात. त्यातूनही एकदा आटवलेला तपशील काही परत येत नाही. दुधाचा खवा झाला की झाला!